सांगाड्याच्या हातावरचा शिक्का

घाबरू नका मित्रांनो, मी प्लास्टिकचा आहे. पनवेलच्या एका शाळेच्या कपाटात तीस वर्षे उभा असलेला जुना सांगाडा. चौथीची मुले मला पाहून आधी किंचाळत, मग हात मिळवत, आणि मधल्या सुट्टीत कुणीतरी माझ्या दातांत खडू ठेवून जाई. आपल्याला आता कशाचा धक्का बसणार नाही, असा माझा समज होता.

दोन हजार वीस साली तो समज गेला. शाळा बंद झाली आणि फोनवरून श्वसनाचा धडा शिकवण्यासाठी सुनीता मॅडम मला रिक्षाने कामोठ्याला घरी घेऊन निघाल्या. रिक्षावाल्याने आधी मला मास्क लावायला लावला. नाक्यावर पोलीस होते. मास्क अडकवायला मला नाक-कान नाहीत, ही अडचण रिक्षावाल्याला पटली नाही.

सोसायटीच्या फाटकावर वॉचमन बाळूने माझ्या कपाळाला तापमानाचे यंत्र लावले आणि वहीत लिहिले : सांगाडा, ताप नाही. तेवढ्यात सेक्रेटरी कृष्णकांत आले. बाहेरून येणाऱ्याला चौदा दिवस विलगीकरण, हा नियम त्यांचाच.

"काका, याला फुप्फुसंच नाहीत. आजार बसेल कुठे?"

"मॅडम, नियम सगळ्यांना सारखा. त्यात याची तब्येत बघा."

माझ्या मनगटाच्या हाडावर विलगीकरणाचा जांभळा शिक्का बसला आणि मला मीटरच्या खोलीत ठेवण्यात आले.

मॅडमना मात्र थांबता येत नव्हते. वर्गातल्या सिदराचे अब्बू चार दिवस ऑक्सिजनवर होते. घरातला एकुलता एक फोन इस्पितळाच्या निरोपासाठी राखलेला. तिने तो या एका धड्यापुरता मागून घेतला होता. म्हणून दुसऱ्या सकाळी मॅडम खोलीच्या जाळीच्या दाराबाहेर फोन धरून उभ्या राहिल्या. फोनमध्ये चाळीस चौकोन होते आणि एकही किंचाळी नाही. आवाज बंद ठेवले होते म्हणे. हा धक्का शिक्क्यापेक्षा मोठा होता.

श्वास घेताना बरगड्या कशा उचलल्या जातात, ते मॅडमनी सांगितले. तेव्हा एक आवाज सुरू झाला.

"मॅडम, अब्बूंना पण एवढ्याच बरगड्या आहेत ना?"

"एवढ्याच, सिदरा. चोवीस."

"त्या थकतात का?"

"थकतात. म्हणून तिथे त्यांना मदत देतात. चला, सगळ्यांनी छातीवर हात ठेवा. सावकाश श्वास घ्या."

चाळीस हात वर-खाली झाले. लांब उभ्या कृष्णकांतांचाही. त्यांना वाटले, कुणी पाहिले नाही.

माझ्या विलगीकरणाच्या अकराव्या दिवशी सिदराचे अब्बू घरी आले. माझ्या आधी सुटले.

सिदरा आता नववीत आहे. मध्यंतरी शाळेचे शिपाई माझा शिक्का थिनरने घासायला निघाले, तर तिने त्यांना थांबवले, "काका, तेवढा राहू द्या."

तेव्हा मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, सुटलेल्या तारा आवळा, शिक्का राहू द्या. आणि मला पाहिल्यावर किंचाळत जा. मोठ्याने.