नवा दात येईपर्यंत

आमच्या सासूबाईंना दुकानात 'एकावर एक' अशी पाटी दिसली की त्यांचा पाय तिथून निघत नाही. त्यामुळे परदेशात नोकरी शोधायला निघालेल्या आम्हा नणंद-भावजयींच्या पाठीवर एकाच मापाच्या, एकाच मरून रंगाच्या दोन सॅक होत्या. वर गर्दीत ओळखायला सोपं जावं म्हणून त्यांनी आपल्या जुन्या साडीचा हिरवा काठ फाडून सॅकला बांधून दिला होता. दोन्ही सॅकना.

"आई, दोन्हींना सारखाच बांधलात, मग ओळखायचं कसं?" मी विचारलं.

"लोकांच्या सामानातून ओळखायचं गं. तुम्ही दोघी काय एकमेकींना परक्या आहात?"

काठ सोडून टाकायचीही सोय नव्हती, कारण व्हिडिओ कॉलवर त्या मधूनच म्हणत, "सॅक दाखवा बघू." मग मीच एक युक्ती काढली. माझ्या सॅकमध्ये प्लास्टरचे जबडे होते, म्हणून ती जड. उचलून बघायची, खांदा खाली गेला तर माझी.

जबडे अशासाठी, की मी दात बनवते. डॉक्टर नव्हे. डॉक्टर तोंडाची मापं पाठवतात, आणि लॅबमध्ये बसून त्यांवरून कवळ्या आणि कॅप करणारी माणसं असतात, त्यातली मी. नणंद केक सजवते. साखरेची फुलं तिच्याइतकी नाजूक कुणालाच जमत नाहीत, हे मी तिच्या तोंडावर कधी बोलून दाखवलेलं नाही. ती माझ्याहून बरीच लहान, तरी तिला चिडवायला मी "वन्सं" म्हणते.

घरी नवरा, सासूबाई आणि माझी लेक. दात आल्यापासून दिसेल ते कुरतडायची, म्हणून तिचं नाव पडलं खारू. नवऱ्याचा कारखाना बंद पडला होता आणि घरातल्या सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे लागल्या होत्या. तिकडे पक्की नोकरी मिळाली की नवऱ्याला आणि लेकीला नेता येणार होतं. नोकरी शोधायच्या परवान्याची मुदत संपेपर्यंत नाही मिळाली, तर हात हलवत परत.

निघायच्या आदल्या दिवशी खारूचा वरचा, समोरचा दात पडला. तो मुठीत धरून ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मला कधी नेणार?" मी पडले धंद्यातली बाई. दुधाच्या दाताच्या जागी नवा यायला वेळ लागतो, हे मला पाठ. मी ऐटीत सांगितलं, "नवा दात येईपर्यंत तू माझ्याकडे असशील." तिने आरशात जाऊन ती फट बघून घेतली. आमचा करार झाला.

त्यानंतर आम्ही दोघी शहरामागून शहर पालथं घालत होतो. स्वस्तातली बस, स्वस्तातलं हॉस्टेल, एकावर एक पलंग, सगळ्यांत मिळून एक न्हाणीघर. वरच्या पलंगावर नणंद, कारण तिला घोरायची सवय आहे आणि आवाज वर जातो असं तिचं म्हणणं. पलीकडच्या पलंगावरच्या परक्या बाईने एकदा माझी कीव येऊन मला इअरप्लग आणून दिले. मी लगेच कानात घातले.

लॅबमध्ये मात्र डाळ शिजेना. "आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, हाताने करणारी माणसं आम्हाला नकोत," हे मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी शेवटी समोरच्याने तोंड उघडायच्या आतच मला राग यायचा. दोन ठिकाणी कामाची चाचणी झाली आणि दोन्हीकडे माझा हात आखडला. इतकी वर्षं केलेलं काम, पण मालक पाठीमागे उभा राहिला की सुरी अशी काही आवळून धरायचे की मेणाचा तुकडाच मोडायचा. दाताच्या कण्या करून बघितल्या. दात बनवणाऱ्या बाईने आणखी काय करायचं?

हात मोकळा चालायचा तो फक्त संध्याकाळी. हॉस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात आम्ही दोघी साबणाच्या वड्या कोरत बसायचो. नणंद माझ्या सुऱ्या पळवायची, मी तिची गुलाबी मुठींची हत्यारं घ्यायचे. ती माझ्या सुरीने गुलाब करायची, मी तिच्या हत्याराने दाढा. मग एकमेकींची निंदा करत हसत सुटायचो. पाणी प्यायला आलेली माणसं ओट्यावरच्या दाढा बघून तहान विसरून परत जायची.

या नव्या शहरात नणंदेचं नशीब उघडलं. एका बेकरीने तिला ठेवून घेतलं. मी तिला मिठी मारली, मनापासून मारली, आणि मग न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं. आता ती इथेच राहणार. इथे माझ्यासाठी एकच लॅब उरली होती. तिथे नकार मिळाला की संध्याकाळच्या बसने पुढच्या शहरात मी एकटीच. तिकीट काढून ठेवलं होतं, परवाना संपत आला होता.

आणि खारू रुसली होती. आधी रोज फोनवर तोंड वासून फट दाखवायची, "बघ, अजून नाही आला!" म्हणून. पण अलीकडे नुसतं "हं" आणि "उंहूं". कधी ओठ घट्ट मिटलेले, कधी नाकापर्यंत पांघरूण, कधी फोन अशा कोनात की मला नुसतं कपाळ दिसावं. नवरा म्हणायचा, "रुसली आहे, जाऊ दे." मी "जाऊ दे" म्हणायचे आणि माझा जीव तीळतीळ तुटायचा.

चाचणीच्या दिवशी सकाळीच खोली रिकामी करायची होती. बाकीचे झोपलेले, दिवा लावायची चोरी. मी अंधारात दोन्ही सॅक उचलून बघितल्या, जड ती पाठीवर टाकली आणि निघाले. नणंदेने आदल्या दिवशी केक फिरवून सजवायचं लोखंडी चक्र विकत घेऊन सॅकमध्ये कोंबलं होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

लॅब एका इमारतीच्या तळघरात होती. प्लास्टरची पांढरी धूळ, छोट्या मोटरींची घरघर, तोच तापलेल्या मेणाचा वास. मला माहेरी आल्यासारखं वाटलं. मालकीणबाई चष्मा डोक्यावर चढवून बसल्या होत्या. आमच्या दोघींची मोडकीतोडकी भाषा सारख्याच मापाची निघाली, त्यामुळे बरं चाललं.

"छापखान्यासारखे दात मशीनही काढतं," त्या म्हणाल्या. "शेवटचा हात फिरवायला मला माणूस लागतो. हत्यारं आणलीत ना?"

"आणलीत," म्हणून मी सॅक उघडली.

वर नणंदेचा फुलाफुलांचा नाइट ड्रेस. खाली ते लोखंडी चक्र. त्याखाली केकचे साचे. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आमच्या धंद्यात प्रत्येकाची सुरी त्याच्या हाताला बसलेली असते, कुणी कुणाची मागत नाही. आणि हत्यारं विसरून आलेल्या कारागिराला मी स्वतः दारातूनच परत पाठवलं असतं. खरं सांगायची लाज वाटली आणि नेहमीप्रमाणे लाजेचा राग झाला. मी नणंदेची गुंडाळी काढली, झोकात टेबलावर पसरली. गुलाबी मुठी रांगेत चमकायला लागल्या. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मोटर बंद करून बघितलं.

मालकीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मेणाचा तुकडा माझ्यापुढे सरकवला. "वरचा, समोरचा दात. म्हाताऱ्या माणसाचा."

मी गुलाबी मूठ धरली आणि एक गंमत झाली. त्या हत्याराने मी कधी कामच केलेलं नव्हतं, नुसता खेळ केला होता. माझ्या हाताला वाटलं, आपण स्वयंपाकघरात साबण कोरतोय. बोटं सैल पडली. मेणाच्या चकल्या निघायला लागल्या. मी पाठीमागे उभ्या असलेल्या बाईंना विसरले, बसचं तिकीट विसरले. नणंदेवर मनातल्या मनात खेकसत होते, की बयेने एवढी छान हत्यारं पुसून का ठेवू नयेत, सगळी साखरेने चिकट. मधेच खारूचे मिटलेले ओठ डोळ्यांसमोर आले. ते तिथेच राहिले.

दात पुरा झाला. बाईंनी तो तळहातावर घेऊन उजेडात धरला.

"काम सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण हा म्हाताऱ्याचा नाही. हा दात कुणाचा आहे?"

मी बघितलं आणि डोक्याला हात लावला. म्हाताऱ्या माणसाच्या दाताची कड झिजून सपाट झालेली असते. नुकत्या आलेल्या नव्या दाताची कड सरळ नसते, तिच्यावर तीन बारीक उंचवटे असतात. पुढे खाऊन खाऊन ते झिजतात. माझ्या हातून ते तिन्ही उंचवटे नेटके कोरले गेले होते. शिकाऊ पोरही करणार नाही अशी चूक.

"माझ्या मुलीचा," मी म्हटलं. "तिचा अजून आलेला नाही."

आणि त्यांनी काही म्हणायच्या आत तो दात त्यांच्या तळहातावरून उचलला. कड तासली, आतल्या बाजूला किंचित उतार दिला, एका कोपऱ्याचा जरासा टवका काढला, जसा आयुष्यभर अक्रोड दातांनी फोडणाऱ्याचा असतो. परत त्यांच्या तळहातावर ठेवला. मेणाचं वयच झालं. हे सगळं मी रागाच्या भरात केलं, स्वतःवरच्या.

बाईंनी तो दात फिरवून फिरवून बघितला. मग शेजारच्या माणसाला दाखवला. त्याने ओठ पुढे काढून मान डोलावली.

"सोमवारपासून या," बाई म्हणाल्या. "कागदपत्रं मी तयार करते. मुलीलाही आणायचं असेल ना? तेही त्यात लिहू." आणि मग, "ही गुलाबी हत्यारं कुठे मिळतात?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. इमारतीच्या बाहेर येऊन पायरीवर बसले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. किती महिन्यांनी श्वास पोटापर्यंत गेला. समोरून माणसं जात होती, कुणी कुत्रं घेऊन, कुणी भाजीची पिशवी घेऊन, आणि मला त्या सगळ्यांना सांगावंसं वाटत होतं, की मीही इथलीच आहे आता, सोमवारपासून. बसचं तिकीट काढून त्याची बारीक घडी घातली आणि ती उगीचच हातात खेळवत बसले.

तेवढ्यात रस्त्याच्या टोकाकडून मरून सॅक पळत येताना दिसली. खाली नणंद होती, कपाळावर पीठ.

"वहिनी! अगं, मी बेकरीत सगळ्या स्टाफसमोर सॅक उघडली आणि तुझा जबडा बाहेर आला! मास्तर दोन पावलं मागे सरकले. तुझी चाचणी, हत्यारं... माझ्यामुळे..." तिला धाप लागली होती आणि डोळे भरले होते. "बस किती वाजता आहे? मी येते बरोबर. बेकरी गेली खड्ड्यात."

"बस गेली खड्ड्यात," मी म्हटलं. "वन्सं, सोमवारी मला डबा घेऊन कामावर जायचंय."

ती भर रस्त्यात किंचाळली. मग मला घट्ट धरून रडायला लागली. माझ्या खांद्यावर पिठाचा ठसा उमटला, तो मी तसाच राहू दिला. "तुझ्या हत्यारांमुळे झालं," मी म्हणाले. ती नाक ओढत म्हणाली, "तुझ्या सुरीने पाकळ्या अशा पातळ निघाल्या की आता ती मी परत देत नाही." म्हटलं, ठेव. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला फुकट काहीतरी दिलं असेल.

तिथेच पायरीवर बसून आम्ही घरी फोन लावला. नवऱ्याने उचलला. माझं तोंड बघूनच त्याला कळलं. तो नुसता हसत राहिला आणि चष्मा काढून पुसायला लागला. मागून सासूबाईंचा आवाज, "झालं का? देवा रे! सॅक दोन्ही आहेत ना गं?"

मग खारू आली. नाकापर्यंत बापाचा मफलर गुंडाळलेला.

"खारू, आईला नोकरी मिळाली. तू आणि बाबा आता इकडे येणार."

ती बघत राहिली. मग मफलरच्या आतून म्हणाली, "खरंच? पक्की?"

"पक्की."

"मालकांनी नक्की सांगितलं? नंतर नाही म्हणणार नाहीत ना?"

"नाही म्हणणार. कागदावर तुझंही नाव लिहिणार आहेत."

तिने वळून बापाकडे बघितलं. त्याने मान हलवली. मग ती पुन्हा माझ्याकडे वळली आणि विचारलं, "मग आता मी तोंड उघडू?"

मला काही समजेना. "रुसली नव्हती गं ती," नवरा मागून म्हणाला. "दात दिसायला लागल्यापासून असंच चाललंय. मला तंबी होती. आईला कळलं तर तिने दिलेली वेळ संपेल म्हणे. सांगितलंस तर कट्टी."

नणंदेने माझा हात दाबून धरला. खारूने मफलर खाली ओढला आणि तोंड उघडून फोनच्या अगदी जवळ आणलं. हिरडीतून पांढराशुभ्र दात डोकावत होता. कडेवर तीन बारीक उंचवटे.

मला धड दिसत नव्हतं. डोळे पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले.

"आला ना गं, आई?" ती घाबरून म्हणाली. "वेळ संपली?"

"छे," मी म्हटलं. "मी दातवाली आहे, मला माहीत. हा अजून अर्धाच आलाय."