उत्तर कड्याखालची रेघ

तिसऱ्या कागदावरही पेनाने तिथेच दगा दिला. उत्तर कड्याखाली, तांदळाच्या दाण्याएवढी जागा कोरी.

एरवी प्लॉटर, स्क्रीनवरचं चित्र कागदावर काढणारं ते यंत्र, म्हणजे घरातला सगळ्यात शहाणा माणूस. पेन चिमटीत धरून तासन्‌तास शिखरं काढायचा. एका उंचीची एक रेघ, डोंगराला वळसा घालून निघाल्या जागी परत. अशी चित्रं लोक भिंतीवर लावायला मागवायचे आणि घरातली थोरली सून बाळाला मांडीवर घेऊन हे काम करायची. हे एक शिखर मात्र तिने आजवर टाळलं होतं. तीन वर्षांपूर्वी धाकटे दीर या डोंगरावर गेले ते गेलेच. सापडली फक्त सॅक. नवरा दोनदा शोधून आला. दुसऱ्या खेपेला पायाची दोन बोटं बर्फाला देऊन. अजूनही म्हणायचा, "नुसता सुगावा लागू दे, उद्या निघतो."

आणि आता गिऱ्हाईक याच शिखरासाठी हटून बसलं होतं.

तिने पेन बदललं होतं, कागद बदलला होता, खालची फळीसुद्धा उलटी करून पाहिली होती. स्क्रीनवर रेघ अखंड होती. पण कागदावर त्या जागी आलं की पेन अलगद उचललं जायचं. खाली कोणी झोपलंय आणि त्याला पाय लागू नये, तसं.

फाटक वाजलं. नवरा जेवायला आला होता.

आधीचे दोन कागद तिने गादीखाली सारले. प्लॉटरमधलं पेन काढलं, श्वास रोखला आणि रेघ हाताने जोडून टाकली.

"झाला का आमचा डोंगर?" आवाज थट्टेचा, नजर कागदावर.

"झाला. हात धुऊन ये आधी, डाग पाडशील."

"हाताची दहाही शाबूत आहेत, बघ." त्याने कागदाला न टेकवता कड्यावरून बोट फिरवलं. "इथून आम्ही मागे फिरलो. काहीच नाही ना गं इथे?"

"काही नाही."

तो आत गेला. तिचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच सासूबाई चष्मा पुसत आल्या. धाकट्याचे बूट त्यांनी तीन वर्षं दारापाशी तसेच ठेवले होते, रोज धूळ झटकून. कागदावर त्या बराच वेळ वाकून राहिल्या.

"यंत्राचा हात कापतो का गं?"

"नाही, आई."

"मग एवढीशीच रेघ थरथरली कशी?"

तिने बाळाला नुसतं घट्ट धरलं.

आतून हाक आली, "आई, वाढतेस ना? भूक लागलीय!"

सासूबाईंनी आवाजाच्या दिशेने पाहिलं. मग कागदाची गुंडाळी करून पुठ्ठ्याच्या नळकांड्यात सरकवली आणि झाकण दाबून बसवलं.

"आले रे, आले!"

जाताना त्यांनी दाराजवळचे बूट उचलले, कपाटात ठेवले आणि आत कोणी झोपलं असावं इतक्या हळू दार लावलं.