गजावरची खाच

इर्विन हॉकेनबेरीला कंजूष म्हणा, हेकट म्हणा, तो हसून सोडून देई. पण बंदुकीच्या बाबतीत त्याला निष्काळजी म्हणायची कुणाची छाती नव्हती. टस्करोरा डोंगराच्या या अंगाला निम्म्या लोकांना ठासणीची बंदूक भरायला त्यानेच शिकवलं होतं. आधी दारू, मग तेलकट चिंधीत गुंडाळलेली गोळी, मग गजाने ठासायचं. शेवटी गज नळीत उभा सोडायचा आणि त्यावरची खाच बघायची. खाच नळीच्या तोंडाशी आली तर सगळं ठीक. वर राहिली तर दोनदा भरलंय, आत बुडाली तर दारूच घातलेली नाही. "माणूस खोटं बोलेल, खाच नाही बोलायची," असं तो प्रत्येकाला ऐकवायचा. पन्नास वर्षांत त्याची स्वतःची खाच कधी चुकली नव्हती.

नाताळ उलटला की हरणांचा शेवटचा हंगाम लागतो आणि त्यात फक्त गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी ठासणीची बंदूक चालते. यंदाच्या त्या हंगामात इर्विनची बंदूक एकदाही उडाली नाही. याला कारण होती त्याची बायको, व्हर्ना.

तिने हे हौसेने केलं नव्हतं. मागच्या जानेवारीत तिचा धाकटा भाऊ मर्ल दाट झुडपांतून हरणं हाकत येत होता आणि त्याच्या तपकिरी कोटावर इर्विनने शांतपणे नेम धरला होता. व्हर्ना शेजारीच होती म्हणून तिने नळी वर ढकलली आणि गोळी फांद्यांतून गेली. "हरीणच होतं," इर्विन म्हणाला. मर्लला तर काही कळलंच नाही. मग तिने नवऱ्याला ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमध डाग पडला होता. कडेचं दिसत राहील, समोरचं जात जाईल आणि यावर औषध नाही, असं डॉक्टर म्हणाला. इर्विनने डॉक्टरला मूर्खात काढलं आणि घरी येऊन नऊ दिवस बायकोशी अबोला धरला. दहाव्या दिवशी म्हणाला, "ज्या दिवशी माझ्या हातातून बंदूक काढून घ्याल, त्या दिवशी खड्डाही खणून ठेवा."

आता अशा माणसापुढे काय डोकं फोडणार? व्हर्नाने वर्षभर विचार केला. बंदूक त्याच्या हातात राहू दे, फक्त उडायला नको. तिचे वडील बंदुका दुरुस्त करायचे, त्यामुळे बंदूक कुठे कुठे दगा देते हे तिला पाठ होतं.

पहिल्या दिवशी तिने गारगोटी जिथे घासते त्या पोलादावर डुकराच्या चरबीचं बोट फिरवलं. घोडा पडला, ठिणगी उडाली नाही आणि हरणी शेपूट वर करून निघून गेली. संध्याकाळी इर्विनने पोलाद चाचपलं, स्वतःच्या बोटांचा वास घेतला आणि म्हणाला, "नाश्त्यानंतर हात नीट पुसला नसेन." दुसऱ्या खेपेला तिने रंजकाचं, म्हणजे बाहेरच्या वाटीत टाकायच्या चिमूटभर दारूचं, पोकळ शिंग आदल्या दिवशी चहाच्या किटलीच्या वाफेवर धरलं. वाटीतली दारू नुसती फुसफुसली. इर्विनने बर्फाच्या ओलीला शिव्या दिल्या.

नववर्षाच्या जेवणाला डुकराचं मांस आणि आंबट कोबी होता. मर्लने पोटभर जेवून घेतलं आणि मग तोंड उघडलं.

"दाजी, परवा हात तेलकट होता, काल हवा ओली होती. नाचता येईना, अंगण वाकडं."

"तू तुझा कोबी खा."

"मी खातोच आहे. तुम्ही खा, वर्ष चांगलं जातं म्हणतात. नाहीतर पुढच्या खेपेला हरीणच येऊन तुमची बंदूक पेटवून देईल."

इर्विन हसला, पण ताटात निम्मं तसंच राहिलं. व्हर्नाने ते पाहिलं आणि तिला वाईट वाटलं. पण समोर बसून मिटक्या मारणारा भाऊही तिला दिसत होता. भाऊ जिवंत आहे, नवऱ्याच्या हातात बंदूक आहे, आणखी काय हवं, असं तिने मनाला बजावलं.

शनिवारी सकाळी इर्विनने तिची सोयच ठेवली नाही. नवी गारगोटी बसवली, दारूचा नवा डबा फोडला, माप भरून नळीत ओतलं, गोळी ठासली, अंगठ्याने खाच चाचपली. रंजकाचं शिंग कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि ओल लागू नये म्हणून घोडा आणि वाटीभोवती कातडी आवरण घट्ट बांधलं. इतक्यात रस्त्याच्या वळणावर मर्लची गाडी बर्फात रुतली आणि तो हाका मारू लागला. इर्विन फावडं घेऊन गेला.

व्हर्नाला वीस मिनिटं मिळाली. तिने गजाच्या टोकाला स्क्रू बसवून गोळी ओढून काढली, दारू मोरीत ओतली, वर नळ सोडला आणि नुसती चिंधी आणि गोळी परत ठासली. स्क्रूने भोक पडलेल्या गोळीच्या जागी तिने नवी घातली होती, जुनी कोटाच्या खिशात टाकली. हात जराही कापला नाही याचं तिला कौतुक वाटलं. पुढे त्याच कौतुकाची तिला लाज वाटायची होती.

घळीच्या वरच्या तोंडाशी दोघं हेमलॉकच्या बुंध्याला टेकून बसली. मर्ल खालून हाकत येणार होता. तासाभराने झुडपांतून एक नर बाहेर आला. आठ टोकांची शिंगं, भरलेली मान. तीस पावलांवर येऊन तो आडवा उभा राहिला. इर्विनने मान थोडी वाकडी केली, डोळ्याच्या कडेने त्याला शोधलं आणि हळूच नळी वळवली. नेम बरोबर होता. एवढी वर्षं ती त्याच्याबरोबर बसत आली होती, तिला कळत होतं. त्या क्षणी तिला मनापासून वाटलं, आत दारू असती तर.

घोडा पडला. वाटीत भपकन जाळ झाला, पांढरा धूर निघाला आणि संपलं. हरणाने डोकं वर केलं, पण ते हललं नाही. इर्विनने घाई न करता वाटीत पुन्हा चिमूटभर दारू टाकली. पुन्हा नुसता जाळ. तिसऱ्यांदाही तेच. मग हरीण कंटाळल्यासारखं चालत निघून गेलं. थोड्या वेळाने, ते उभं होतं त्याच्याच मागच्या झाडांत, मर्लचा तपकिरी कोट हलताना दिसला.

इर्विनने आधी वाटीतला जाळ आत नेणारं नळीचं भोक सुईने साफ केलं. मग गज आत सोडला आणि अंगठ्याने खाच शोधली. खाच मिळेना. गज बाहेर काढून पुन्हा सोडला. तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटून नळीच्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि मग बर्फात मांडी घालून बसला.

"दारूच नाही," तो म्हणाला.

व्हर्नाने खिशातली भोक पडलेली गोळी मुठीत धरली.

"मी घातली होती. डब्याचं झाकण उघडलेलं आठवतंय. माप भरलेलं आठवतंय. बाबांनाही सगळं आठवायचं."

त्याच्या वडिलांना शेवटची सहा वर्षं स्वतःचं नावही दुसऱ्यांनी सांगावं लागायचं. साऱ्या जगात इर्विन फक्त त्याच एका गोष्टीला भ्यायचा. डोळे गेले तर गेले, काठीने चालेन, असं तो मनातल्या मनात कधीचा ठरवूनही बसला असेल. पण हे नको होतं.

मर्ल धापा टाकत वर आला. "बोला दाजी, आज कुणाचा दोष?"

"माझा. दारू घालायला विसरलो."

मर्ल पुढच्या विनोदाची वाट बघत उभा राहिला. विनोद आला नाही. इर्विनने बंदूक, शिंग, गोळ्यांची पिशवी, सगळं उतरवून त्याच्या हातात दिलं. "तुझ्याकडे राहू दे. मी मागितली तरी देऊ नकोस."

जे व्हायला हवं होतं ते झालं होतं, आणि व्हर्नाला ओरडावंसं वाटत होतं. घरी पोचल्यावर बूटही न काढता तिने सांगून टाकलं. चरबी, वाफ, मोरी, सगळं. मागच्या वर्षीचा मर्लचा कोटही सांगितला. "तुझं डोकं ठणठणीत आहे. तुझे डोळे गेलेत, इर्विन. मी तुला फसवलं." तिने भोक पडलेली गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

त्याने ती बोटांत फिरवली. रागावला असता, तर तिने देवाचे आभार मानले असते. पण तो हसला, फार प्रेमाने.

"असल्या गोळ्या पेटीत डझनभर आहेत, व्हर्ना. बाबा किल्ल्या हरवायचे तेव्हा आई म्हणायची, मीच लपवल्या. त्यांनी कोंबड्यांना दोनदा दाणे घातले की मी म्हणायचो, दुसऱ्यांदा मी घातले. ते मान डोलवायचे. त्यांना कळायचं बहुतेक."

"मी खोटं बोलत नाहीये."

"आम्हीही असंच म्हणायचो."

तिने मर्ललाही खरं सांगितलं. तो येऊन दाजींसमोर तासभर बसला आणि तेच परत बोलला. इर्विनने त्याचेही आभार मानले.

फेब्रुवारीत एका सकाळी ती स्वयंपाकघरात आली तेव्हा इर्विन शेगडीजवळ कॉफीचा डबा धरून उभा होता. भांड्यात पाणी उकळत होतं आणि कॉफीचा वास घरभर पसरला होता.

"मी कॉफी घातली का गं?"

"घातलीस. वास येतोय की."

"खरं सांग."

"खरंच घातलीस, इर्विन."

"तू तसंच म्हणणार," तो समजुतीने म्हणाला. त्याने भांडं मोरीत रिकामं केलं, नवं पाणी ठेवलं आणि चमचे मोजू लागला, मोठ्याने, तिला ऐकू जावं म्हणून.