धक्क्यावर राहिलेली शिंपीण

"काकू, दिवा गेला म्हणून लिफ्ट काही खाली पडत नाही. दोर तिला घट्ट धरून आहेत. तुम्ही फक्त दाराला टेकू नका."

"टेकते कशाला? दार कुठलं नि भिंत कुठली, ते तरी दिसू दे आधी," आतून आवाज आला. "आणि तुम्ही बोलायचे थांबू नका हो मिस्त्री. गप्प झालात की वाटतं, गेलात चहाला."

मिस्त्री चहाला गेले नव्हते. दोन मजल्यांच्या मधोमध अडून बसलेल्या त्या लिफ्टच्या दाराशी त्यांनी जमिनीवर बैठक मारली होती, आणि वर गच्चीवरच्या खोलीत त्यांचा जोडीदार मोटारीचे चाक हाताने, तसूतसूने, फिरवीत होता. चाक फिरवणे हे बळाचे काम. दाराशी बसून बोलणे हे साधनेचे. मिस्त्रींच्या गुरूंनी विद्यारंभाच्या दिवशीच त्यांना सांगितले होते की, अडकलेला जीव बाहेर येईपर्यंत आपला आवाज त्याच्यापाशी राहिला पाहिजे. काय बोलतोस याला महत्त्व नाही, थांबू मात्र नकोस. या एका उपदेशावर मिस्त्रींनी आपली सारी हयात उभी केली होती. स्वभावतः ते अत्यंत मितभाषी. घरी दिवसाकाठी चार वाक्ये बोलले तरी पत्नीला उत्सव वाटे. परंतु बंद दारापुढे त्यांच्या जिभेवर साक्षात सरस्वती येऊन बसत असे.

इतक्यात त्यांचा फोन वाजला. मातोश्री होत्या; त्यांचा खणखणीत आवाज फोनबाहेरही ऐकू येत असे.

"आला का रे?"

"आला, आई. सकाळपासून डब्यात उतरतोय. मी आल्यावर उघडू. इथे एक काकू अडकल्यात."

"अगं बाई! मग त्यांना आधी बाहेर काढ. नि जेवल्यात का, ते विचार."

"जेवलेय म्हणावं!" दारामागून उत्तर आले. "आणि आला कोण? पाहुणा का?"

"पाहुणा नाही काकू, खेळ. टीव्हीला डबा जोडून खेळतात, तो. त्याचा नवा भाग आजच आलाय."

"तुमच्या मुलाचा?"

"आमच्या आईचा," मिस्त्री म्हणाले.

आत पिशवी खाली टेकल्याचा आवाज झाला. मग काकू म्हणाल्या, "सांगा, सांगा. इथे मला दुसरं काम नाही."

आणि मिस्त्रींनी सांगितले. तो खेळ एका नावाड्याचा. या बंदरातून त्या बंदरात जायचे, कोणाचे सामान पोहोचवायचे, कोणाचा निरोप. मिस्त्रींनी तो स्वतःसाठी आणला होता. पहिल्याच संध्याकाळी मातोश्री रागे भरायला म्हणून खोलीत आल्या आणि तशाच खुर्चीवर टेकल्या, त्या पुढे तिथेच राहिल्या. या खेळातली माणसे तोंडाने बोलत नाहीत. त्यांचे बोलणे पडद्याच्या तळाशी लिहून येते. मिस्त्रींचे वाचन संथ. ओळ पुरी होण्याआधी ती नाहीशी होई. तेव्हा वाचनाचा भार मातोश्रींनी उचलला. बंदरावरच्या अधिकाऱ्याला त्यांनी पडसे झालेला आवाज दिला, दिवेवाल्याला घोगरा, आणि शिंपिणीला, का कोण जाणे, स्वतःचाच.

"शिंपीण कोण?" काकूंनी विचारले.

"शेवटच्या बंदरावर दुकान होतं तिचं. तिला तिथून बाहेर पडायचं होतं. नावाड्यानं तिला शब्द दिला, पहाटेच्या जहाजावर भेटू म्हणून. ती गाठोडं घेऊन धक्क्यावर येऊन उभी राहिली."

"मग?"

"मग आई म्हणाली, त्याला आधी जेवू घाल."

मातोश्रींनी आयुष्यभर खानावळ चालवली होती. उपाशी पोटी कोणी उंबरठा ओलांडता कामा नये, हा त्यांचा धर्म. आणि त्या धर्मातून पडद्यावरच्या नावाड्याला सूट देण्याचे त्यांना काही कारण दिसले नव्हते. प्रत्येक बंदरात त्यांनी त्याला भरपेट जेवू घातले. त्या दिवशीही तो स्वयंपाकघरात एकामागून एक थाळ्या रिचवीत राहिला, आणि बाहेर जहाज सुटले. नावाडी नसेल तर आपणही जायचे नाही, असे त्या भाबड्या शिंपिणीने ठरवले असावे. ती गाठोड्यासह धक्क्यावर उभी राहिली, आणि खेळ संपला.

"अहो, मग पुन्हा पहिल्यापासून खेळायचं!"

"आई नाही म्हणाली. वाढलेलं परत पातेल्यात टाकायचं नसतं म्हणाली. जे झालं ते झालं. पण तेव्हापासून तिच्या जिवाला लागून राहिलंय, काकू. नव्या भागात जुना डाव पुढे चालतो म्हणतात. म्हणून तो डबा मी जपून ठेवलाय. आईनं त्याला कापडाची झूल शिवलीय."

लिफ्ट हळूच हलली. दाराच्या फटीत काकूंचा माथा दिसला, मग चष्मा, मग भाजीची पिशवी. बाहेर पाऊल टाकताच त्यांनी मिस्त्रींचे आभार मानले नाहीत, बोट रोखून एवढेच म्हणाल्या, "आज तिला घेऊन या म्हणजे झालं."

हे बोलणे सोपे होते. मिस्त्रींनी काकूंना अर्धीच गोष्ट सांगितली होती.

नवा भाग येणार, येणार म्हणून कैक वर्षे गाजत होता. दर वेळी कंपनी तो पुढे ढकली. खेळातील पाणी अधिक सुंदर करावयाचे आहे, असे कारण एकदा त्यांनी प्रसिद्ध केले, तेव्हा मातोश्री संतापल्या होत्या. "पाण्याला काय धाड भरलीय? मला दिसेनासं होईपर्यंत पाणीच घोटत बसणार का हे?" त्यांनी मिस्त्रींना कंपनीला फोन करायला लावले होते. "सांग त्यांना, इथे एक बाई खोळंबलीय." बाई म्हणजे शिंपीण की स्वतः, हे त्यांनी स्पष्ट केले नाही, आणि विचारण्याचे धैर्य मिस्त्रींना झाले नाही. कारण पाणी सुंदर होत होते आणि मातोश्रींची दृष्टी उतरणीला लागली होती. मधले सारे धूसर, कडा तेवढ्या शाबूत. समोरच्या माणसाचे त्यांना कान दिसत, नाक दिसत नसे. "बरंच आहे," त्या म्हणत, "तुमच्या घराण्यात पाहण्यासारखं नाक नव्हतंच कोणाचं."

मिस्त्री घरी पोहोचले तेव्हा मातोश्री टीव्हीसमोर खुर्चीवर सज्ज होत्या. नवे पातळ नेसल्या होत्या. डब्यावरची झूल काढून घडी करून मांडीवर ठेवली होती.

"सकाळपासून अशाच बसल्यात," पत्नी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "मुलगी बघायला निघाल्यासारख्या. अहो, निदान हातपाय तरी धुवा."

"अडकलेल्या काकू काय म्हणाल्या?" मातोश्रींनी विचारले.

"तिला घेऊन या म्हणाल्या."

"शहाणी बाई आहे."

खेळ सुरू झाला. जुना डाव पुढे चालवावयाचा काय, असे पडद्याने विचारले. मिस्त्रींनी अंगठ्याने होकार दिला. मंद संगीतात धुके विरळ झाले आणि नावाडी नावेतून उतरला. उतरला म्हणण्यापेक्षा, त्याचे उदर आधी उतरले आणि मागाहून तो. गेल्या भागात मातोश्रींनी भरवलेला एकेक घास त्या यंत्राने इमानेइतबारे जपून ठेवला होता.

पत्नीने तोंडाला पदर लावला.

"काय झालं? का हसतेस ग?" मातोश्रींनी मान वळवली.

"नावाडी जरा भरलाय, आई," मिस्त्री म्हणाले.

"जरा? आई, आडवा झाला तर नावच दिसणार नाही!" पत्नी म्हणाली.

"म्हणजे तब्येत चांगली आहे," मातोश्री समाधानाने म्हणाल्या. "चल रे, धक्क्याकडे घे."

नावाडी डुलत डुलत धक्क्याकडे गेला. दुकान होते. दाराला फळ्या ठोकलेल्या होत्या. धक्क्यावर दिव्याचा खांब होता, खांबाला खुंटी होती, खुंटीला काहीतरी लोंबत होते. माणूस मात्र कोणीही नव्हते.

"आहे का?"

मिस्त्रींनी पडद्याकडे पाहिले, मग मातोश्रींच्या मांडीवरच्या त्या झुलीकडे पाहिले.

"आहे," ते म्हणाले.

मातोश्रींचा श्वास खोल गेला. "काय म्हणतेय?"

आयुष्यात कधी खोटे न बोललेल्या माणसाला पहिले खोटे बोलताना शब्द हवेत, ते आणणार कोठून? मिस्त्रींच्या पोतडीत जे होते तेच बाहेर आले. "म्हणतेय... घाबरू नका. दारापासून लांब उभे राहा. आमचा माणूस वर चाक फिरवतोय, आता पाच मिनिटांत..."

पत्नीने कपाळाला हात लावला.

"ही शिंपीण आहे," मातोश्री हळू म्हणाल्या, "की तुझ्या कंपनीत लागलीय?"

मिस्त्री खेळाच्या बटणांशी चाळा करू लागले.

"नाहीये ना ती?"

"नाही, आई."

"मग तसं सांग की. अडकलेल्यांशी असं खोटं बोलतोस का तू?"

"नाही."

"मग माझ्याशीच का? वाच, काय लिहिलंय ते. सावकाश वाच."

पडद्यावर दिवेवाला आला होता. मिस्त्री एकेक अक्षर लावीत वाचू लागले. ओळी निसटत होत्या, तरी त्यांनी त्या पकडल्या. शिंपीण दर जहाजाला धक्क्यावर येई. वाट पाहताना हात रिकामे नसावेत म्हणून नावाड्यासाठी तिने कोट शिवला. मग एका हिवाळ्यात ती आली नाही. कोट खुंटीवर आहे. ज्याचा आहे त्याने न्यावा.

"दिवेवाल्याचा आवाज घोगरा आहे," मातोश्री म्हणाल्या. "तू सपाट वाचलास."

"चुकलं."

"कोट घालून बघ."

नावाड्याने कोट अंगात घातला. बाह्या बरोबर बसल्या, खांदे बरोबर बसले. मग त्याने दोन्ही बाजू पोटावर ओढल्या, श्वास रोखला, पुन्हा ओढल्या.

"बसला का?"

"खांद्यात बसला. बटण लागत नाही."

"पोटावर?"

"पोटावर."

प्रथम पत्नीला हसू फुटले, मग मिस्त्रींना, आणि मग मातोश्री अशा हसल्या की खुर्ची करकरली. हसता हसताच त्यांनी झुलीच्या टोकाने डोळे पुसले. "तिनं माप बरोबर घेतलं होतं हो," त्या म्हणाल्या. "माझाच हात सढळ."

दूर भोंगा वाजला. नवे जहाज धक्क्याला लागत होते. मिस्त्रींनी अंगठा पुढे केला. चढले की पुढचा प्रवास सुरू होणार होता.

"चढू नको," मातोश्री म्हणाल्या.

"जहाज जाईल, आई."

"जाऊ दे. ती उभी राहिली तेवढी नाही, पण थोडा वेळ तरी उभा राहू दे त्याला. आज आपली पाळी."

पत्नी आत जाऊन पळी घेऊन परत आली. "आई, पानं वाढलीत. निवतंय सगळं. जेवून मग उभं करा त्याला."

"निवू दे ग," मातोश्री म्हणाल्या. "जेवण थांबेल."

या घरात हे वाक्य पूर्वी कधीही उच्चारले गेले नव्हते. पत्नीने पळीकडे पाहिले, पतीकडे पाहिले, आणि पळी हातात घेऊनच ती सासूच्या पायाशी खाली बसली.

"तू बोलत राहा रे," मातोश्री म्हणाल्या. "गप्प बसू नकोस."

मग मिस्त्री बोलू लागले. बंद दारापुढे बोलत तसेच, अखंड, धीम्या स्वरात. दोर सोडले, आई. जहाज वळतंय. दिवेवाल्यानं हात केला. नावाडी उभा आहे, हललेला नाही. वारा सुटलाय. पाणी... पाणी मात्र खरंच छान केलंय, आई.

मातोश्रींनी मान एका अंगाला कलवली होती, आणि पडद्याकडे पाठ फिरवल्यासारख्या, डोळ्यांच्या अगदी कडेने त्या पाहत होत्या.

"आतून लाल अस्तर लावलंय रे तिनं," त्या म्हणाल्या.

मिस्त्री थांबले. अस्तराचे त्यांनी काही सांगितले नव्हते. पडद्यावर न लागलेल्या बटणाचा कोट वाऱ्याने उघडत होता, मिटत होता, पुन्हा उघडत होता.