लेकीसाठी मागितलेलं पाणी

मी एक जुना सारस आहे. मोहाडी तालुक्यात, वैनगंगेच्या अंगाला, धानाच्या बांधीत उभा असतो. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा बांध घातलेला शेताचा तुकडा. त्यात पाणी साचून राहतं आणि त्या पाण्यात धान वाढतं. रस्त्याने जाणाऱ्याला लांबून वाटतं, कोणी राखाडी लुगडं नेसून निंदण काढून राहिलं आहे. जवळ आल्यावर लाल डोकं दिसतं, मग मोबाईल निघतो. फोटो झाला की गाडी सुरू. मित्रांनो, आजवर माझ्यासमोर खूप लोक थांबले, पण ऐकायला कोणी थांबलं नाही. तुम्ही थांबा थोडं.

आधी माझ्याबद्दल जे खोटं पसरवलं आहे ते दूर करतो. चित्रात मला झाडावर बसवतात. मी जन्मात झाडावर बसलेलो नाही. माझा मागचा अंगठा इतका आखूड आणि वर चढलेला आहे की फांदी पकडताच येत नाही. झोपतो तोही उभ्याने, घोटाभर पाण्यात. कुत्रं किंवा कोल्हं आलं की आधी पाणी वाजतं आणि मला जाग येते. डोक्यावरचं लाल ते पिसांचं नाही, ती उघडी कातडी आहे. विणीच्या दिवसांत ती जास्तच पेटते. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये माझ्याएवढा उंच पक्षी जगात नाही. आणि माझी हाक दूरच्या गावापर्यंत जाते, कारण माझी श्वासनळी सरळ खाली उतरत नाही. छातीच्या हाडात शिरून वेटोळं घेते. तुमच्या बँडवाल्यांकडे असतो तसला वळणावळणाचा भोंगा मी छातीत घेऊन जन्मलो आहे. हे कोणी शिकवत नाही. ‘प्रेमाचा पक्षी’ एवढं लिहिलं की यांचं काम झालं.

माझा जन्म नदीपलीकडचा. अंड्यातून निघालो त्याच दिवशी चालायला लागलो, पोहायलाही लागलो. आई घशातल्या घशात एक आवाज काढायची, तो ऐकला की जिथे असू तिथे धानात अंग मुडपून बसायचं. पुढच्या वर्षी तिला नवं घरटं बांधायचं होतं, तेव्हा आईबापांनी मला चोच मारून हाकलून दिलं. आमच्यात असंच असतं. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

त्याच सुमाराला तुमच्या माणसांनी भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे केले. कचेऱ्या वाटल्या, साहेब वाटले, तलाव वाटले. त्या वाटणीत बहुतेक सारस गोंदियाकडे गेले आणि भंडाऱ्याच्या वाट्याला अगदी थोडे उरले. मी नदी ओलांडून इकडे आलो तेव्हा मला खाली फक्त पाणी दिसलं. हद्द कुठे दिसली नाही. पण इकडे आल्यावर हाक मारली आणि उत्तर आलं नाही, तेव्हा कळलं की आपण रिकाम्या बाजूला उतरलो आहोत.

बरेच दिवस असे गेले. मग एका सकाळी उत्तर आलं.

ती कुठून आली मला माहीत नाही. ती माझ्यासारखीच राखाडी, माझ्यासारखीच लाल. आमच्यात नर-मादी दिसायला सारखेच. मादी थोडी बुटकी असते एवढंच. ओळख पटते ती आवाजावरून. मी एक हाक देतो, तेवढ्यात ती दोन देते. दोघांची मिळून एक हाक होते. ऐकणाऱ्याला वाटतं एकच पक्षी ओरडून राहिला. आम्ही नाचलोही. पंख पसरून, उड्या मारून, चोचीने गवताच्या काड्या हवेत उडवून. नदीकाठी जाळं सुकवणारे लोक हसले होते. हसू द्या.

घरटं आम्ही तुलारामच्या बांधीत केलं. मित्रांनो, सारसाचं घरटं म्हणजे दोन हातांत मावणारी वाटी नव्हे. आजूबाजूचं गवत, लव्हाळा आणि हो, धानही उपटून आम्ही पाण्यात ढीग रचतो. खाटेएवढी जागा जाते. पाणी वाढलं तर खाली काड्या सारून घरटं उंच करतो. तुलारामने ते पाहिलं आणि काठी घेऊन आला. त्याची बायको रुखमाबाई मागे होती.

“ह्या पाखराले माहीच बांधी भेटली काय?” तो म्हणाला.

“तुमी दिवसभर तंबाखूचा खर्रा खाता, त्याच्या पैशात यापेक्षा जास्त धान जाते,” ती म्हणाली. “राहू द्या. लेक बाळंतपनाले आली हाये. तिले हाकलता काय?”

रुखमाबाईला लेक नव्हती. तिला दोन मुलगे, दोघेही कामाला नागपूरला. त्या दिवसापासून ती माझ्या जोडीदारणीला लेक म्हणायला लागली आणि मला जावई. गावात थट्टा झाली. पानठेल्यावर तुलारामला विचारायचे, जावई मोठा खाणारा दिसते, हुंड्यात काय मागते? तोही हसायला लागला. पुढच्या पावसाळ्यात आम्ही परत आलो तेव्हा त्यानेच बांधीच्या त्या कोपऱ्यात धान रोवायचं सोडलं होतं.

चांगली वर्षं होती ती. आम्ही पिल्लं वाढवली, मोठी केली, हाकलली. कधी बुडाली, कधी कुत्र्यांनी नेली, तरी काही जगली. गावाच्या फाट्यावर माझं चित्र असलेला फलक लागला. त्यात माझे पाय पिवळे होते. माझे पाय गुलाबी-तांबडे आहेत. कोणी शेतात येऊन पाहिलं असतं तर कळलं असतं. फलकाच्या उद्घाटनाला हार, नारळ, भाषण सगळं झालं; बांधीपर्यंत कोणी आलं नाही, कारण चिखल होता.

मग ते वर्ष आलं.

पोळा झाला आणि पावसाने तोंड फिरवलं. घरट्यात दोन अंडी होती. मित्रांनो, अंड्यांवर आम्ही दोघं आळीपाळीने बसतो. एक बसतो, दुसरा चरतो. महिनाभर हेच. सभोवती पाणी असेल तरच हे जमतं, कारण पाणी हेच आमचं कुंपण. तुलारामच्या बांधीतलं पाणी आटलं, चिखल उघडा पडला, आणि कुत्री चिखलातून घरट्यापर्यंत येऊन वास घेऊन जायला लागली. मी एकाला चोचीने फोडलं. पण ती रोज येणार होती.

वरची बांधी भोजराजची. त्याला तलावाच्या नहराचं, म्हणजे कालव्याचं, पाणी आधी मिळायचं. आपल्याकडे पद्धत अशी की वरच्याने बांध फोडला की पाणी खालच्याला मिळतं. रुखमाबाई बांधावर गेली. मी अंड्यांवर बसलो होतो, सगळं ऐकू येत होतं.

“भाऊजी, लेक बाळंतपनाले आली हाये न तिच्या घरी पानी नाई. सोडा न थोडंसं.”

“तुमची लेक थे आमची लेक, वहिनी,” भोजराज म्हणाला. त्याने तिथल्या तिथे फावडा घेतला आणि बांध फोडला. पैसे मागितले नाहीत, उपकार दाखवले नाहीत. त्याच्या स्वतःच्या धानालाही ते पाणी पुरणारं नव्हतं, तरी दिलं.

आदल्या दिवशी त्याने त्या बांधीत धानावर पडणाऱ्या गादमाशीच्या किडीसाठी दाणेदार औषध फेकलं होतं. पाण्यात विरघळून धानाच्या मुळाशी जातं ते. त्याच्या पुड्यावर लिहिलेलं असतं की पाणी बांधून ठेवा, खाली सोडू नका. इतक्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की मुंगीनेच वाचावं. औषध विकणाऱ्याने त्याला सांगितलं नाही. तुलारामने घरट्याच्या काळजीने त्या वर्षी स्वतःच्या बांधीत कणभर औषध टाकलं नव्हतं. आपली बांधी स्वच्छ, म्हणजे झालं, असं त्या दोघा नवरा-बायकोला वाटत होतं. जे पाणी बांधीबांधीतून उतरतं ते कोणा एकाचं नसतं, हे धान पिकवणाऱ्याला मी सांगायचं का?

पाणी आलं. संध्याकाळपर्यंत घरट्याभोवती घोटाभर झालं. कुत्री बांधावरून परत फिरली. रुखमाबाई समाधानाने घरी गेली. आम्हालाही बरं वाटलं, ते लपवत नाही.

सकाळी चरायची पाळी तिची होती. पाण्याबरोबर बेडूक आले होते, गोगलगायी आल्या होत्या, खेकडे आले होते. पळत नव्हते. पकडायला मेहनत नव्हती. रात्रभर उपाशी असलेल्या पक्ष्याने असं जेवण पाहिलं तर तो काय करेल? तिने खाल्लं.

दुपारी तिची मान सरळ राहीना. ती बांधाकडे चालत गेली, मध्येच बसली. सारस दिवसाढवळ्या असा मोकळ्या जागी बसत नाही. मी हाक दिली. तिने चोच उघडली, आवाज आला नाही. मी अंड्यांवरून उठलो नाही. उठून काही होणार नव्हतं, आणि अंडी उघडी पडली असती. तिचे पंख पाण्यावर पसरले आणि ती तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी वनखात्याचे साहेब लोक आले, पोत्यात घालून तिला घेऊन गेले. गावात बोलणं झालं की विजेच्या तारेला लागली असेल. भोजराजही तेच म्हणाला. आणि म्हणताना त्याने रुखमाबाईकडे पाहिलं नाही. ती मात्र बांधीत उतरली, पाण्यात हात घालून खाली-वर फिरली, आणि मग त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“भाऊजी, त्या पान्यात काय होतं?”

“पानीच होतं.”

“बेंडक्या पांढरं पोट वर करून तरंगून राहिल्या. औषध कधी टाकलं होतं?”

“पान्याच्या आदल्या दिवशी,” तो म्हणाला. “तुमी मांगलं, वहिनी. मी देल्लं.”

“मांगलं मी,” ती म्हणाली. “इचारलं नाई.”

यापुढे ती दोघं भांडली नाहीत. भांडली असती तर बरं झालं असतं.

आता अंडी माझ्या एकट्यावर होती. त्या पाण्यातलं मी काही खाल्लं नाही. चरायला नदीपर्यंत जायचो. तेवढा वेळ अंडी उघडी. रुखमाबाई काठी घेऊन बांधावर बसायची, कावळे आणि कुत्री हाकायची. भोजराजनेही एक-दोनदा लांबून कुत्र्यांना दगड मारलेले मी पाहिले. पण राखण करता येते, ऊब देता येत नाही. मग पाऊसही परत आला, उशिरा, गार. मी भिजत नदीवर जायचो आणि भिजत परत यायचो.

मित्रांनो, सारसाचं पिल्लू बाहेर येण्याआधी अंड्यातून बोलतं, हे तुम्हाला माहीत आहे का? आम्ही बाहेरून उत्तर देतो. एका सकाळी माझ्या पोटाखालून आवाज आला. बारीक. एकाच अंड्यातून. त्यानंतर मी हललो नाही. दोन दिवस खाल्लं नाही. ते बोलायचं, मी उत्तर द्यायचो. भंडाऱ्याच्या बाजूला त्या दिवसांत माझ्याशी बोलणारा तेवढा एकच सारस होता, आणि तो कवचाच्या आत होता.

तिसऱ्या दिवशी मी बोललो आणि उत्तर आलं नाही.

तरी बसून राहिलो. शहरातून कॅमेरेवाले आले. कसा निष्ठावान बाप आहे, म्हणाले. मी थंड अंड्यांवर बसलो होतो आणि ते माझं कौतुक करून राहिले होते. शेवटी एका सकाळी रुखमाबाई गुडघाभर चिखलातून घरट्यापर्यंत आली. इतक्या वर्षांत ती इतकी जवळ कधी आली नव्हती. मी पंख पसरले, चोच उगारली. ती मागे सरली नाही.

“उठा जावईबापू,” ती म्हणाली. “आता काई नाई त्यात.”

मी उठलो. तिने ती दोन अंडी पदरात घेतली, बांधाच्या कडेला माती उकरली आणि पुरली.

जोडीदार मेला की सारस अन्नपाणी सोडून मरतो, असं तुम्हाला सांगतात. खोटं आहे. आम्ही खातो, उडतो, जगतो. कोणाला दुसरा जोडीदार मिळतो. मला मिळाला नाही, कारण या बाजूला मिळायला कोणी नाही. आता सारस मोजायला येणाऱ्या पोरींना मी नर की मादी हेही ठरवता येत नाही. ते ओळखायला दोघांची हाक लागते.

भोजराज आता औषध टाकलं की बांधावर पळसाची फांदी रोवतो. फांदी उभी असेपर्यंत पाणी सोडत नाही. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आणि रुखमाबाई कोणाकडूनही पाणी घेताना आधी विचारते, मग लोक तिला संशयी म्हणोत की खडूस म्हणोत.

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी धान आहे. औषधाच्या पुड्यावर तिरका चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग लाल असेल तर ते सगळ्यात जहाल विष असतं. तुम्ही शाळेत जाणारी पोरं, तुम्हाला वाचता येतं, बारीक अक्षरंही दिसतात. तुम्ही वाचा आणि मोठ्याने वाचा. बाबा फावडा उचलतील तेव्हा विचारा की वरच्या पाण्यात काय आहे, कधी टाकलं. घरचे म्हणतील, पोरांनी शेतीत तोंड घालू नये. घाला. त्या दिवशी बांधावर एवढा एक प्रश्न झाला असता तर भोजराजने फावडा खाली ठेवला असता. तेवढा चांगला माणूस आहे तो. म्हणूनच सांगतो, चांगल्या माणसालाही विचारा.