सीझियमचं कूळ

बोलतोय तो मी, प्रशांत महासागरातल्या माजुरो बेटावरच्या एका शाळेतला मूलद्रव्यांचा तक्ता. मनावर एक ओझं आहे, ते आज सांगून टाकतो.

छापखान्यातून निघालो तो मालाच्या बोटीतून इथे आलो. जोर्बी मास्तरांनी मला फळ्याशेजारी टांगलं. खाऱ्या वाऱ्यानं वर्षभरातच माझ्या कडा वळल्या.

मास्तर माझ्यावर पट्टी टेकवून शिकवायचे, "डावीकडून उजवीकडे अणुक्रमांक एकेकानं वाढतो. पण स्वभाव ओळखायचा, तर वरून खाली बघा. उभ्या रांगेतले सगळे एका कुळाचे. बाहेरच्या कक्षेत इलेक्ट्रॉन सारखेच, म्हणून वागणंही बरंचसं सारखं."

इथे कूळ आईकडून येतं. मुलांना हे चटकन पटायचं, आणि मी फुशारून जायचो.

मास्तरांची आई लिमोजी. तिचं बेट अणुबॉम्बच्या चाचण्यांच्या वेळी रिकामं केलेलं. वीस वर्षं ती माजुरोत पत्र्याच्या खोलीत राहून परतीची वाट बघत होती. एकदा अमेरिकन साहेब लोक आले. जमिनीवर यंत्र फिरवून बघितलंय, आता राहायला हरकत नाही, म्हणाले. लिमोजी तो कागद घेऊन थेट वर्गात आली.

"जोर्बी, तू शिकलेला. काय लिहिलंय? जाऊ ना मी?"

मास्तरांनी कागद दोनदा वाचला. "मातीत बॉम्बचं थोडं किरणोत्सारी सीझियम उरलंय म्हणतात. पण तिथे राहिल्यानं अपाय होण्याइतकं नाही. जा, आई."

तिची नजर माझ्याकडे वळली. "हे सीझियम यात कुठे राहतं रे?"

"हे बघ, डावीकडच्या पहिल्या रांगेत. वर पोटॅशियम, मध्ये एक घर, मग हे."

"म्हणजे एकाच कुळातले! मग एकाच्या पानावर दुसरा जेवायला बसला, तर त्याला उठवणार कोण?"

मास्तर खो खो हसले. "आई, उद्यापासून तूच शिकवायला ये!"

तिनं सगळं सांगून टाकलं होतं. प्रवाळाच्या त्या मातीत पोटॅशियम फार कमी, आणि नारळाच्या झाडाला तेच हवं असतं. मुळांना सीझियम भेटलं, की झाड त्यालाही कुळातला समजून आत घेणार, फळात भरणार. हे माझ्या पहिल्याच रांगेत होतं. मास्तर रोज तिथे बोट ठेवत होते. मला तोंड नाही, असं मी स्वतःला खूपदा समजावलं. समाधान होत नाही.

आठवडाभरात लिमोजी बोटीत बसली. तिच्याबरोबर तीसेक माणसं होती.

तीन वर्षांनी डॉक्टरांनी तिथे जाऊन एकेकाला यंत्रापुढे बसवलं. सगळ्यांच्या अंगात सीझियम निघालं. बेट पुन्हा रिकामं झालं.

लिमोजी शाळेत आली तेव्हा मास्तर माझ्याकडे पाठ करून उभे होते.

"आई, हे मला कळायला हवं होतं. इथे भिंतीवर होतं गं. मी पोरांकडून पाठ करून घेत होतो."

ती बाकावर बसली.

"त्या शहाळ्यांचं पाणी फार गोड होतं," ती म्हणाली. "मी पोराबाळांना हातानं पाजलं. आता मी कुणाला तोंड दाखवू?"

मास्तर रडले. तिनं त्यांना जवळ घेतलं नाही, पण उठूनही गेली नाही.

आता माझा रंग उडालाय. पोटॅशियमपासून सीझियमपर्यंत मास्तरांनी लाल पेन्सिलीनं ओढलेली रेघ तेवढी ठळक आहे. दर वर्षी नव्या वर्गाला ते स्वतःची चूक सांगतात. मुलांनो, मला नुसतं पाठ करू नका. माझ्यासमोर कुणी वेडावाकडा प्रश्न विचारला, तर हसण्याआधी थांबा.

लिमोजीनं त्या दिवशी निघताना विचारलं होतं, "मग आता परत कधी जायचं?"

"तीस वर्षांनी मातीतलं सीझियम निम्मं होईल, आई."

"आणि मी?"

ती तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती.