मिटलेलं भांडण

"नावं घेऊ नकोस, पण गोष्ट खरी सांग. पॅनेलला रिअल केस लागते," कॅमेरा सुरू झाल्याची खूण करत क्लबचे नंदकुमार सर म्हणाले.

नेरूळच्या क्लबचा गारेगार हॉल. समोर परीक्षक, आणि त्यांच्यापुढे खाडीकाठच्या दिवाळे गावची चारुलता. शांततेचं काम करणाऱ्यांना परदेशात शिकायला पाठवणारी फेलोशिप होती. फी, विमान, राहणं, खाणं, सगळं त्यांचंच. चारुलता बेलापूरच्या समुपदेशन केंद्रात वर्षानुवर्षं कंत्राटावर होती. डिग्री नाही म्हणून तिनेच काम शिकवलेल्या पोरी तिच्या साहेब होऊन बसायच्या. गावात मात्र कुठेही वाजलं की पहिली हाक तिलाच. एकदा तरी आपल्या कामाला कुणी काम म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

तिने सांगितलं. खाडीवरच्या दोन होड्यांचं वैर. फाडलेलं जाळं. ते आपणच फाडलं, अशी एका होडीवरच्या म्हाताऱ्याने तिच्याजवळ रडत दिलेली कबुली. मग दार लावून दुसऱ्या होडीच्या घरातल्या बाईची त्याने मागितलेली माफी, आणि जाळं लाकडात अडकून फाटलं असं त्या बाईने स्वतःच्या पोरांना सांगणं.

"आणि आमच्यात मिटलेलं भांडण परत कुणी तोंडातून काढत नाही," हेही ती कॅमेऱ्यात बघून बोलली. परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी तर डोळेसुद्धा पुसले.

क्लबने तिचा फोटो लावून व्हिडिओ सोडला, 'दिवाळ्याची शांतिदूत'. संध्याकाळपर्यंत तो गावातल्या प्रत्येक मोबाइलवर होता. नावं नव्हती. दिवाळ्यात नावं लागतात कशाला! जाळं ज्यांचं फाटलं होतं ती जाईबाईची पोरं उठली आणि तडक म्हाताऱ्या सितारामच्या होडीवर गेली. होडीचं इंजिन फुटलं, मधे पडलेल्या सितारामचा हात मोडला.

चारुलता धावत पोचली तेव्हा तो ओट्यावर बसला होता, हात गळ्यात अडकवलेला.

"काका, मी नाव नाय घेतलं हो तुमचं."

"तू कोनाला सांगत नाय, म्हनून तुला सांगितला होता," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

जाईबाईने तर तिला उंबऱ्यातच थांबवलं. "पोरांशी खोटं बोललंय मी, बाय. देवाची शपथ घेऊन. भांडान नको म्हनून. आनि तू टाल्या घेतल्यास?"

चारुलताने तिथूनच नंदकुमारांना फोन लावला. व्हिडिओ काढून टाका म्हणून हातापाया पडली.

"अगं, टेन्शन काय घेतेस? काढतो उद्या-परवा," ते म्हणाले. "उलट ऑनगोइंग कॉन्फ्लिक्ट म्हटल्यावर तुझी केस अजून स्ट्राँग झाली. मी पॅनेलला कळवतो ना!"

आणि त्यांनी खरोखरच कळवलं. चारुलताची निवड झाली. क्लबने शाल दिली, केंद्रातल्या साहेबपोरींनी पेढे मागितले. नकार कळवायचा म्हणून तिने दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. गावात आता राहून तरी काय करायचं होतं? स्वतःची तिला शिसारी आली, तरी पासपोर्टच्या कामाला ती गेलीच.

निघायच्या आठवड्यात ती जेट्टीवरून येत होती. मासळीच्या जागेवरून दोन बायकांची जुंपली होती. टोपली उलटलेली, बोंबील चिखलात, झिंज्या धरायच्याच बाकी. चारुलताचे पाय आपोआप तिकडे वळले.

तिला बघताच दोघी गप्प झाल्या. भोवतीची माणसंही गप्प झाली.

"काय झालं ग?" तिने विचारलं.

"काय नाय बाय," पहिली म्हणाली.

"आमचा आपला बोलना चाललाय," दुसरीने तिची री ओढली, आणि पदर खोचून पहिलीचे बोंबील गोळा करायला लागली.

चारुलता तशीच पुढे चालायला लागली. ती वळणाआड गेली, तेव्हा मागे पुन्हा भांडण पेटलं.